भांडण कशावरून झालं?

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे गेलात की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने त्यासाठी देणगी दिली. त्या काळी मुंबईत पैशाचा पूर आला होता, आणि त्याचं कारण होतं सातासमुद्रापलीकडचं एक युद्ध. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण आपसांत लढली.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईला शेअरचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट कित्येक व्यापारी बुडाले. मुंबईच्या बाजाराला हे युद्ध कळलं ते तेजी-मंदीपुरतं.

पण ते झालं कशावरून? यावर आजही वाद घालतात. काही जण म्हणतात, राज्यांच्या हक्कांवरून. काही म्हणतात, जकातीवरून. आपल्या बचत गटात वाद झाला की आपण ठरावाची वही उघडतो आणि त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचतो. इथेही तसंच करू.

गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, असं म्हणणारे लिंकन १८६० मध्ये निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना हे राज्य फुटून निघालं. त्याने कारणं लेखी दिली. मुख्य तक्रार काय, तर पळून आलेले गुलाम उत्तरेची राज्यं परत करत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच राग. मिसिसिपीने तर आपलं सगळं गुलामगिरीवर उभं आहे, असं उघड लिहिलं. तेव्हा त्या देशात सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती.

दक्षिणेच्या सरकारचे उपाध्यक्ष होते अलेक्झांडर स्टीफन्स. गुलामगिरी हा आमच्या राज्याचा पाया आहे, असं ते मार्च १८६१ मध्ये भर सभेत बोलले. हरल्यावर त्यांनीच जाडजूड ग्रंथ लिहिला, की लढाई राज्यघटनेच्या अर्थावरून होती.

दुसरी बाजूही सांगते. लिंकनही सुरुवातीला देश एकसंध राखायचा, एवढंच म्हणत होते. बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. पण उत्तर का लढली आणि दक्षिण का फुटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय गुलामही वाट बघत बसले नव्हते. ते पळून उत्तरेच्या छावण्यांत आले. पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक उत्तरेकडून लढले.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी मात्र मुद्दा नेमका ओळखला. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांना त्यात आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांची सुटका दिसत होती.

मैत्रिणींनो, हुंड्यासाठी सून घराबाहेर काढली जाते आणि वर्षभराने सांगतात, ती उलट बोलायची. हुंडा हा शब्दच गायब होतो. म्हणून त्या-त्या वेळची चिठ्ठी, निरोप, तक्रारीची प्रत जपून ठेवा. नंतर सांगितलेल्या कारणांशी ती ताडून पाहता येते.