मोट, ‘फुटबॉल’ आणि परत येणारं पाणी

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर विहिरीवर कशाला गेला. त्याचं कारण पुढं सांगतो. आधी मोटेकडे वळू.

इथं मलकापूरला बसलेल्यांपैकी साठी ओलांडलेल्यांनी मोट पाहिली असेल. धावेवरून बैल खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने शेतात जायचं. बैल पुन्हा मागं यायचे, पाणी मात्र मागं यायचं नाही. थारोळ्यात कुणी शेण टाकलं, खत कालवलं, तरी ते आपणहून विहिरीत जाण्याची वाट नव्हती. मोटेचं तोंड आणि थारोळं यांच्यामध्ये मोकळी हवा होती. अभियंते आज याला हवेची फट म्हणतात, आणि उलट्या प्रवाहाविरुद्धचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणून तिचंच नाव घेतात.

वैशेषिकांच्या परंपरेत सातवा पदार्थ अभाव. एम. ए.च्या मुलांना तो शिकवताना मी नेहमी भूतलावरच्या घटाच्या अभावाचं उदाहरण द्यायचो. मुलं जांभया द्यायची. थारोळ्याचं दिलं असतं तर बरं झालं असतं. तिथं जे नव्हतं, ते विहीर राखत होतं.

इथून उत्तरेला बऱ्हाणपूरला जा. 1615 च्या सुमाराचा कुंडी भंडारा अजून पाहायला मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणलं, मध्ये मध्ये कुंड्या ठेवल्या. तिथं पाण्याची दिशा उताराने ठरवली. उतार संपावर जात नाही, त्याची लाइनही जात नाही.

मग इंजिनं आली, विजेचे पंप आले. विहीर आणि शेत पहिल्यांदाच एका बंद नळीने जोडले गेले. आता पाणी परत येऊ शकत होतं. म्हणून नळीच्या तळाशी झडप बसवली, फुटव्हॉल्व्ह, आपल्या तोंडचा ‘फुटबॉल’. तिच्यात कचरा अडकला किंवा चामडं झिजलं की नळी रिकामी व्हायची आणि सकाळी पंप पाणी उचलायचा नाही. वरून बादलीने पाणी भरा, शिव्या द्या, पुन्हा चालू करा. ही कटकट होती खरी. पण बघा, झडप बिघडल्याची बातमी रोज सकाळी मिळत होती. चाचणी घ्यायला वेगळा माणूस लागत नव्हता. पाण्यातला सबमर्सिबल आला आणि ही बातमी बंद झाली. त्याची झडप गळत असली तरी तो पाणी देतोच, जरा उशिराने.

याच्यावर ठिबक आलं. इस्रायलमध्ये सिमखा ब्लास यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये नेटाफिम उभी राहिली. आपल्या शेजारी जळगावला भवरलाल जैन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र रुजवायला घेतलं. ठिबकाने या भागाचं भलं केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ठिबकाबरोबर व्हेंचुरी आली, म्हणजे त्याच नळीतून युरिया. विहीर, खताची टाकी आणि पीक आता एकाच नळीवर. लाइन गेली की पंप थांबतो, उभ्या नळीतलं पाणी विहिरीत कोसळतं, मागं ओढ निर्माण होते. खताचा कॉक उघडा असला तर ती ओढ टाकीतलं पाणीही घेऊन जाते.

आमच्या दादाच्या शेतात हेच झालं. कापसाला युरिया सोडला, पाच मिनिटांत लाइन गेली. सालदार तासाभराने आला तर टाकी रिकामी. तो वहिनीला म्हणाला, “वहिनी, पंप तर बंद होता, मग खत पिलं कोणी?” त्याच विहिरीचं पाणी घरात माठात होतं. बसवून देणाऱ्याने नळीला झडप लावली होती. ती उलटं पाणी अडवते का, हे बसवल्या दिवसापासून कुणी पाहिलं नव्हतं. त्यात मीही आलो, दर सुट्टीत त्याच बांधावर बसून चहा पिणारा.

थोडा हिशेब करू. युरियात 46 टक्के नत्र. 45 किलोची अर्धी गोणी दोन लाख लिटर पाण्यात गेली आणि त्या सगळ्या नत्राचं पुढं नायट्रेट झालं, तर लिटरमागे सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या वर जातं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे 45. नायट्रेटला ना रंग, ना वास, आणि उकळून ते जात नाही. बाटलीच्या दुधात हे पाणी मिसळलं तर तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, अंग निळसर पडतं.

जगाला हा धडा महागात मिळाला. 1933 मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हॉटेलांतल्या जुन्या नळजोडणीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि तिथं अमिबाच्या हगवणीने आजारी पडले. सुमारे 1400 रुग्ण, 98 मृत्यू. त्यानंतर नळजोडण्यांकडे बघण्याची तिथली दृष्टी बदलली. आज तिथल्या अनेक शहरांत बागेच्या पाण्याच्या नळीवरची झडपसुद्धा दरवर्षी परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यावी लागते. शेतीसाठी नेब्रास्का राज्याने 1986 मध्ये कायदाच केला. नळीतून खत किंवा औषध सोडायचं तर परवाना हवा, सोडणाऱ्याचं प्रशिक्षण हवं, झडपा हव्यात, ओढ तोडणारी हवेची झडप हवी, आणि पंप थांबला की खताचा पंपही आपोआप थांबला पाहिजे. हे सगळं तपासणीच्या अधीन.

आपल्याकडे 1993 चा भूजल कायदा आला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत विहीर घेण्यावर त्याने बंधन घातलं. दुष्काळाच्या काळात हे आवश्यकच होतं. पण त्यातली काळजी पाणी किती उपसलं जातं याची होती. काय परत जातं, हा प्रश्न त्यात आलेला नव्हता. झडपांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 5312, पण ते झडप कशी बनवावी हे सांगतं. पाच पावसाळ्यांनंतर ती बसते की नाही, हे बांधावरच पाहावं लागतं.

ते फार अवघड नाही. पंप आणि झडप यांच्या मध्ये, विहिरीच्या काठावर एक छोटा कॉक बसवायचा. शेत चढावर असेल तर नळी भरलेली असताना पंप बंद करून तो उघडायचा. थोडं पाणी येऊन थांबलं तर झडप ठीक. धार चालूच राहिली तर शेताकडचं पाणी परत येतंय. दादाकडे आम्ही असा कॉक बसवला, शिवाय झडपेच्या पुढं नळीच्या उंच जागी हवेची झडप. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो उघडून बघायचा, असं ठरलंय. पहिल्या वर्षी धार थांबली नाही. झडप काढली तर आत तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकलेला, बोटभर लांब. पिण्यासाठी मात्र दादाने आता वेगळी कूपनलिका घेतली आहे, तिच्यावर खताची नळी नाही.

बरं, विहिरीचं झालं. नळाला टिल्लू पंप लावणाऱ्यांबद्दल बोलायचं राहिलंच. कमी दाबाच्या नळाला मोटर लावली की जमिनीखालच्या फुटक्या सांध्यातून गटारही ओढलं जातं. कऱ्हाडजवळच्या, आपल्याच नावाच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवली. नळी सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली तर बाहेरचं आत येत नाही. त्या गावाबद्दल पुढच्या वेळी सविस्तर बोलू. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या काकांचा हात केव्हाचा वर आहे.