थिओफ्रॅस्टसची बाग

अॅरिस्टॉटलचें नांव सुशिक्षित घरांतून सर्वांच्या तोंडीं असतें. पण त्याच्या मागून पस्तीस वर्षें ज्यानें त्याचें विद्यापीठ चालविलें त्या थिओफ्रॅस्टसला ओळखणारे थोडे. वास्तविक झाडाकडे झाड म्हणून पाहावयास युरोपला ज्यानें शिकविलें तो हाच पुरुष.

इ. स. पू. ३७१ च्या सुमारास लेस्बॉस बेटावरील एरेसॉस गांवीं तो जन्मला. मूळचें नांव टिर्टामस. त्याच्या वाणींतील प्रसाद पाहून अॅरिस्टॉटलनें त्याला ‘थिओफ्रॅस्टस’, म्हणजे देवासारखें बोलणारा, हें नांव दिलें अशी कथा आहे. इ. स. पू. ३२२ च्या सुमारास लायसीयमची धुरा त्याजकडे आली. त्याच्या नांवावर दोनशेंहून अधिक ग्रंथांची यादी आहे. त्यांतले बहुतेक नष्ट झाले. वनस्पतींवरील दोन मोठे ग्रंथ मात्र टिकले, आणि १४८३ मध्यें त्यांचें लॅटिन भाषांतर इटलींतील ट्रेव्हिझो येथें छापलें गेलें.

पहिल्याच प्रकरणांत तो एका अडचणीला हात घालतो. प्राण्याचे अवयव मोजतां येतात. हात हा हातच राहतो. झाडाचीं पानें, फुलें, फळें तर दरसाल गळतात. मग त्यांना अवयव म्हणावें कीं नाहीं? म्हणावें तर झाडाच्या अवयवांची संख्या कधींच कायम ठरणार नाहीं. यावर त्याचा निर्णय असा कीं, वनस्पतींत प्राण्यांशीं प्रत्येक बाबतींत साम्य शोधूं नये. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ज्याचा गुरु प्राणिशास्त्राचा आद्य आचार्य, त्या शिष्यानें हें म्हणावयास स्वतंत्र बुद्धि लागते. वृक्ष, झुडूप, लहान झुडूप आणि रोप असे चार वर्ग त्यानें केले, आणि लागलीच बजावलें कीं ह्या व्याख्या ढोबळ आहेत. भेंडीच्या कुळांतील मॅलो ही भाजी सहासात महिन्यांत भाल्याएवढी उंच होते आणि लोक तिची काठी करतात. मग ती रोप कीं वृक्ष?

मुळ्या खणणाऱ्या वैदूंचें म्हणणेंही त्यानें ऐकून घेतलें. मँड्रेकभोवतीं तलवारीनें तीन वर्तुळें काढावीं. पिओनीचें मूळ रात्रींच खणावें, नाहीं तर सुतारपक्षी डोळे फोडील! असल्या गोष्टी त्यानें पदरचें मीठ लावून सांगितल्या असें म्हटलें आहे. पण हेलेबोर खणतांना डोकें जड होतें म्हणून आधीं लसूण खावा, ही सावधगिरी त्याला पटण्याजोगी वाटली. खजुराच्या नर फुलांची धूळ मादीच्या फळांवर झाडली म्हणजे फळें टिकतात, हेंही त्यानें नोंदून ठेवलें आहे.

तो हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. तथापि अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या लोकांची माहिती त्याच्या हातीं पडली होती. लोकरीचीं वस्त्रें देणारीं झाडें येथें मैदानांत ओळीनें लावतात आणि दुरून तीं द्राक्षवेलींसारखीं दिसतात, असें तो कपाशीविषयीं लिहितो. पाण्यांत उभें राहणारें भातही त्याला ठाऊक आहे. वडाच्या पारंब्या फांद्यांपासून निघून जमिनींत रुजतात आणि खोडाभोंवतीं जणूं तंबू उभारतात, हें वर्णन तर हुबेहूब आहे. वडाचें फळ हरभऱ्याएवढें, हेंही ठीक. पान मात्र ढालीएवढें! वटपौर्णिमेस वडाला सूत गुंडाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हें वाचून हंसूं येईल. ऐकीव माहितीची हीच गोष्ट आहे.

अथेन्समध्यें तो परकीय. त्याला जमीन घेण्याचा अधिकार नव्हता. त्याचा शिष्य, फॅलेरमचा डेमेट्रियस, नगराचा कारभारी झाला तेव्हां त्याच्या खटपटीनें ही बाग त्याला मिळाली. इ. स. पू. ३०७ मध्यें डेमेट्रियसची सत्ता गेली. लौकरच सॉफोक्लीझ नांवाच्या एका गृहस्थानें (हा नाटककार नव्हे) कायदा करविला: नगरसभेच्या परवानगीवांचून कोणाही तत्त्वज्ञानें पाठशाळा चालवूं नये, चालविल्यास देहदंड. थिओफ्रॅस्टस आणि इतर तत्त्वज्ञ नगर सोडून गेले. पुढच्याच वर्षीं तो कायदा बेकायदेशीर ठरला, सॉफोक्लीझला दंड झाला आणि तत्त्वज्ञ परतले. शिकविण्याची परवानगी मागत ते कोणाच्या दारीं गेले नाहींत, हें विशेष.

इ. स. पू. २८७ च्या सुमारास तो वारला. मृत्युपत्रांत त्यानें बाग आणि तेथील घरें कांहीं मित्रांना ठेवलीं. अट एवढीच कीं कोणी तीं विकूं नयेत, आपलीं म्हणूं नयेत, देवळाप्रमाणें सर्वांनीं मिळून वापरावीं. आपल्याला बागेंतच योग्य दिसेल तेथें, फाजील खर्च न करतां पुरावें, असेंही त्यानें लिहिलें. पुस्तकें नीलियसला दिलीं. त्याच्या वारसांनीं तीं स्केप्सिस गांवीं जमिनीखालीं दडविलीं. तेथें त्यांना ओल आणि कसर लागली, आणि अखेर तीं अथेन्समधील एका ग्रंथसंग्राहकानें विकत घेतलीं, असें स्ट्रॅबो सांगतो.

लायसीयममधील पाटाजवळच्या एका चिनाराविषयीं त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, झाड अजून कोवळें असतांनाच त्याच्या मुळ्या ३३ हात पसरल्या होत्या, कारण तिला जागाही होती आणि पोषणही. इ. स. पू. ८६ मध्यें रोमन सेनापति सल्लानें अथेन्स घेतलें. वेढ्याच्या यंत्रांना लांकूड हवें म्हणून त्यानें लायसीयमची वनराई तोडविली. आणि तीं पुस्तकें तो रोमला घेऊन गेला.