एक्सकॉनला शिकवणारी माणसं

चिंचवडच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी कंट्रोल पॅनेलची लेआउट ड्रॉइंग करण्यात गेली. कॉन्टॅक्टर कुठे बसवायचा, केबल कुठून आत घ्यायची, हे जुन्या माणसाच्या टेबलाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. म्हणून एक्सकॉन या, संगणकाच्या ऑर्डरी तपासून जुळणी ठरवणाऱ्या प्रणालीचा इतिहास वाचताना माझं लक्ष आधी त्याला शिकवणाऱ्यांकडे जातं.

1977 साली अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हॅक्स-11/780’ हा संगणक आणला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, टर्मिनल, सगळं गिऱ्हाईक आपल्या गरजेप्रमाणे मागवायचं. ऑर्डरीत काही राहून गेलं का, कोणता बोर्ड कोणत्या कॅबिनेटमध्ये, केबल किती लांब, हे कंपनीतले टेक्निकल एडिटर तपासत. ते काम संगणकावर नेण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. नेहमीच्या प्रोग्राममध्ये पायऱ्यांचा क्रम आधीच ठरवावा लागतो; इथे मात्र प्रत्येक ऑर्डर पुढची पायरी बदलत होती.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडर्मट यांनी 1978 च्या अखेरीस वेगळी वाट धरली. कंपनीतल्या जाणकारांना विचारून त्यांनी ‘असं असेल तर असं करा’ अशा स्वरूपाचे सुटे नियम लिहिले. चार्ल्स फोर्जी यांची ऑप्स ही भाषा त्यासाठीच सोयीची होती. एक नियम असा: मासबसवर, म्हणजे डिस्क जोडायच्या वाहिनीवर, डिस्क वाटायचं काम चालू आहे, एका पोर्टची एक डिस्क उरली आहे, दोन पोर्टची एकही उरलेली नाही, एका मासबसवर अजून जागा आहे आणि लागणारी केबल माहीत आहे, तर ती डिस्क त्या मासबसला द्या. मला हा नियम फार आवडतो. अनुभवी माणूस मनातल्या मनात जे पाहून घेतो, ते इथे एकेक अट होऊन कागदावर उतरलं आहे.

एक्सकॉनच्या पहिल्या रूपाचं नाव आर1, नियम साडेसातशेहून थोडे अधिक. 1979 च्या शेवटी त्याला 50 ऑर्डरी दिल्या. सहा जाणकारांनी एकेका उत्तरावर तास-दोन तास घालवले आणि ज्ञानातल्या 12 चुका शोधल्या. त्या दुरुस्त झाल्या आणि 1980 मध्ये प्रणाली कामाला लागली. या सहा जणांचं श्रेय मला मॅकडर्मट यांच्याइतकंच मोठं वाटतं.

पुढे नवी यंत्रं आली, नवे भाग आले. 1987 पर्यंत नियम सहा हजारांवर गेले आणि वर्षाला त्यातले निम्मे बदलावे लागतील असा अंदाज होता. आता वेगळाच पेच पडला. कोणता नियम कुठल्या कामासाठी आहे, कोणाच्या आधी चालायला हवा, हे नियम लिहिणाऱ्यांच्याच डोक्यात राहिलं होतं. म्हणून राइम नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात नियमांची कामांप्रमाणे मांडणी करून, पर्यायांतून निवड कशी करायची हेही उघड लिहिणं आलं. जाणकारांना जे विचारलं होतं, तेच आता प्रोग्रामरांना विचारायची वेळ आली होती.