कॉन्डॉरचे कूळ कोणते?

अँडीज पर्वतातील महाकाय कॉन्डॉरला क्वेचुआ भाषेत 'कुंतुर' म्हणतात. स्पॅनिशमार्गे तेच नाव जगभर पोहोचले. १७५८ साली कार्ल लिनियसने आपल्या सृष्टिवर्गीकरणाच्या ग्रंथात या पक्ष्याची नोंद 'व्हल्तूर', म्हणजे गिधाड, या शीर्षकाखाली केली. त्याच शीर्षकाखाली त्याने आपल्याकडेही आढळणारे पांढरे गिधाड घातले आणि अमेरिकेतला हार्पी गरुडही! लिनियसने अमेरिकेत कधी पाऊल ठेवले नव्हते. इतरांची वर्णने आणि बाह्य रूप एवढ्यावरच हा निवाडा झाला.

रूपसाम्य मात्र खरोखरच फसवे होते. दोन्हीकडे पिसे नसलेले डोके, दोन्हीकडे मृतमांसाचा आहार. परंतु अमेरिकन गिधाडांच्या नाकपुड्यांमध्ये पडदाच नसतो, चोचीतून आरपार दिसते. स्वरयंत्र नसल्याने ती केवळ फूत्कार करतात.

१८७३-७४ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत प्राण्यांचे विच्छेदन करणाऱ्या आल्फ्रेड गॅरॉडने पक्ष्यांच्या मांडीचे स्नायू तपासले आणि अमेरिकन गिधाडांना थेट करकोच्यांच्या पंगतीत बसवले. मांडीच्या स्नायूंवरून कूळ ठरवणे हास्यास्पद वाटेल. पण मला हा माणूस आवडतो. बखरीवर विसंबण्याऐवजी अस्सल कागद शोधणाऱ्याची ही वृत्ती आहे. पुढे आणखी एक पुरावा पुढे आला: उन्हाळ्यात करकोचे आणि ही गिधाडे, दोघेही स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडून शरीर थंड ठेवतात.

१९९० साली सिब्ली आणि आल्क्विस्ट यांनी डीएनएच्या तुलनेवरून या गिधाडांना करकोच्यांच्या कुळातच सामावून घेतले. उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची अधिकृत सूची राखणाऱ्या अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने १९९८ मध्ये त्यांचे कूळ स्वतंत्र ठेवले, पण त्यांना करकोच्यांच्या गणात हलवले. २००७ मध्ये त्याच संस्थेने हा निर्णय मागे घेतला. २०१४ साली अनेक पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा त्यांचे नाते पुन्हा गरुड-घारींच्या बाजूला निघाले. मात्र त्यांची शाखा फार पूर्वीच वेगळी झालेली होती. गॅरॉडचे स्नायू खोटे नव्हते, त्यांवरून काढलेला वंश चुकीचा होता.

आता आपल्याकडे पाहा. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारे लांब चोचीचे गिधाड हे गरुड आणि घारी यांच्याच कुळातले. कॉन्डॉरपेक्षा घार त्याला जवळची. इतकेच नव्हे, तर पांढरे गिधाड आणि हे लांब चोचीचे गिधाड यांच्याही शाखा त्या कुळात निरनिराळ्या आहेत. म्हणजे 'गिधाड' हे कुळाचे नाव नाही, धंद्याचे आहे. आपल्या आडनावांची सवय असलेल्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये!

आज सात जातींच्या अमेरिकन कुळाला 'नव्या जगातील' आणि आपल्याकडच्यांना 'जुन्या जगातील' गिधाडे म्हणतात. ही भाषा कोलंबसनंतरच्या युरोपची, पक्ष्यांची नव्हे. लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआच्या डांबरी खड्ड्यांत हिमयुगातील असंख्य प्राण्यांची हाडे सापडली. त्यांत कॉन्डॉर आहेतच. शिवाय निओफ्रॉन्टॉप्स आणि निओजिप्स असे दोन लुप्त पक्षीही आहेत. हे दोघे 'जुन्या जगातील' गटाचे, आणि त्या काळी राहत होते कॅलिफोर्नियात.