गाडीवाटची जपानी

परकी भाषा शिकायची तर त्या भाषेचा माणूस समोर हवा, असा जुना समज आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सना अशी माणसे पावलोपावली भेटली. १६१६ साली त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. पण ज्या गावी तसा माणूस फिरकतच नाही, तेथल्या पोरांनी काय करावे?

औरंगाबादेपासून (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुमारे २५ किलोमीटरांवर गाडीवाट हे खेडे. रस्ता धड नव्हता, इंटरनेट मात्र पोचले होते. २०१९ साली तेथल्या जिल्हा परिषद शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकाल? मुले म्हणाली, जपानी! यंत्रमानवाचे वेड, दुसरे काय! झाली पंचाईत. पुस्तक नाही, जाणता गुरू नाही. तेव्हा शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ नि भाषांतराची ॲप धुंडाळून धडे जुळवले. मीही मास्तरच, आपल्यालाच न येणारे वर्गापुढे मांडायला केवढी छाती लागते, हे मी जाणतो.

व्हिडिओ दहादा तेच विचारले तरी रागावत नाही. पण उच्चार चुकला तर कानही धरत नाही! ती उणीव २०२० च्या टाळेबंदीत शहरातल्या एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांनी ऑनलाइन तास घेऊन भरून काढली. फोन घरोघरी नव्हते. मग ज्यांना तास मिळाला, ती मुले ‘विषयमित्र’ होऊन इतरांना शिकवू लागली.

तळवलीत माझ्या वर्गाला हे सांगितले, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आपण कोणती घ्यायची?”