स्कॅन असताना नळी कशाला?

जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत आम्ही व्याख्यानाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एका शिक्षकांनी बाजूला घेऊन विचारले. वडिलांच्या शौचातून रक्त जाते. वर्षभर मूळव्याध समजून औषध दिले. आता नागपूरचे डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. स्कॅनमध्ये सगळे दिसते ना, मग नळी कशाला?

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१८९५ साली राँटगेनना क्ष-किरण सापडले. हाडाची सावली पडते, मऊ आतड्याची जवळजवळ पडतच नाही. म्हणून पुढे गुदद्वारातून बेरियमचे मिश्रण सोडून चित्र घेण्याची रीत आली. बेरियमचा जड अणू क्ष-किरण अडवतो आणि आतड्याचा साचा चित्रात उतरतो. साच्यात खाच दिसली की गाठीचा संशय. पण चिकटून राहिलेला मळही तशीच खाच पाडी!

दुसरी वाट प्रकाशाची. ताठ नळी वळणावळणाच्या आतड्यात किती जाणार? १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले. तंतू वाकला तरी प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. १९५७ साली हिर्शोवित्झ यांनी अशी जठराची दुर्बीण प्रथम स्वतःच गिळली. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी मोठ्या आतड्यातला मांसाचा कोंब दुर्बिणीतून तारेच्या फासाने कापून काढला. डोळ्याला हात फुटला तो येथे. असेच काही कोंब पुढे वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात.

सावलीही मागे राहिली नाही. हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ साली पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. १९९४ साली व्हायनिंग यांनी स्कॅनच्या चकत्या संगणकात जोडून आतड्याची आतली बाजू पडद्यावर उभी केली. पण यातही आधी पोट साफ करावे लागते आणि आतड्यात वायू भरावा लागतो, हे रुग्णाला बहुधा ठाऊक नसते.

इंग्लंडमध्ये लक्षणे असलेल्या १,६१० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. कर्करोग वा मोठे कोंब दोन्ही गटांत सारखेच, शेकडा ११ जणांत सापडले. मात्र स्कॅनच्या गटात शेकडा ३० जणांना आतड्याची आणखी तपासणी करावी लागली, दुर्बिणीच्या गटात शेकडा ८ जणांना. स्कॅन गाठ दाखवते, तिचा तुकडा देत नाही. आणि गाठ कर्करोगाची आहे का, हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच पक्के ठरते. रुग्ण फार अशक्त असला किंवा गाठीने वाटच अडली असली, तर स्कॅन उपयोगी. रोग कुठवर पसरला तेही स्कॅनच सांगते.

आम्ही फळ्यावर आकृती काढून हे समजावले. “म्हणजे नळी आधी,” शिक्षक म्हणाले. पुढच्याच आठवड्यात ते वडिलांना घेऊन नागपूरला गेले.