नवीन फिशटँक कसा सेट करायचा? टँक सायकलिंग म्हणजे काय?

टँक आणला, पाणी भरलं, त्याच संध्याकाळी गप्पी आणि मॉली सोडले. आठवडाभरात मात्र एकेक मासा मरायला लागला. पाणी तर अगदी स्वच्छ दिसतंय, मग चुकलं कुठे? बहुतेक वेळा टँक ‘सायकल’ झालेला नसतो. चला, हे नीट समजून घेऊया.

टँक सायकलिंग म्हणजे काय?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी विषारी असतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे कमी प्रमाणात माशांना चालतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढतात. नवीन टँकमध्ये ते पुरेसे नसतात. ते वाढेपर्यंत वाट पाहणं म्हणजेच सायकलिंग. याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

काय काय लागेल?

- २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँक. यात सुमारे ५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५५ किलो! त्यामुळे स्टँड मजबूत आणि सपाट हवा.
- स्पंज असलेला फिल्टर, हीटर, थर्मामीटर
- अँटी-क्लोरीन
- अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजणारं टेस्ट किट

टँक कसा सेट करायचा?

१. खडी साबण न लावता नुसत्या पाण्याने धुऊन टँकमध्ये पसरा.

२. नळाचं पाणी भरा आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात अँटी-क्लोरीन टाका. क्लोरीनमुळे मासे आणि जिवाणू दोन्ही मरतात.

३. फिल्टर २४ तास चालू ठेवा. हीटर पाण्यात बुडाल्यावरच चालू करा आणि तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवा. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा.

४. मासे न सोडता रोज चिमूटभर फिश फूड टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं.

५. दर २-३ दिवसांनी टेस्ट करा आणि आकडे फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहा. रंग फोटोत बघून ठरवू नका, कॅमेरा रंग बदलतो. दिवसाच्या उजेडात थेट कार्डाशी जुळवा.

सायकल पूर्ण झाली हे कसं ओळखायचं?

आधी अमोनिया वाढून खाली येतो, मग नायट्राइट वाढून खाली येतं. फिश फूड चालू असतानाही सलग ३ दिवस दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसलं, की काम झालं. आता निम्मं पाणी बदला आणि आधी फक्त ३-४ छोटे मासे सोडा. बाकीचे २-३ आठवड्यांनी.

या चुका टाळा

- स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.
- लाइट बराच वेळ जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.
- गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, त्यांना गरम टँकमध्ये ठेवू नका.

मासे आधीच सोडले असतील तर?

घाबरू नका. खाणं कमी करा, रोज टेस्ट करा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की लगेच २५ ते ५० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन विसरू नका. मित्राकडे निरोगी जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा स्पंज ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, सायकल लवकर होते.

महिनाभर रिकामा टँक बघायला कंटाळा येतो, हे खरं. पण तो रिकामा नसतो, आत तुमच्या माशांसाठी तयारी चालू असते. तुमचा एखादा मित्र टँक घ्यायच्या विचारात असेल, तर हा लेख त्याला आजच पाठवा!